दोन थरांमधली वेळ

माझी बायको वारली हे आमच्या संस्थेला अधिकृतपणे कळले ते एक्क्याण्णव दिवसांनी. त्या दिवशी साठपैकी त्रेपन्न दात निळे निघाले.

अनधिकृतपणे सगळ्यांना माहीत होते. विभागातली माणसे घरी येऊन, खुर्च्यांच्या कडेवर बसून, पाणी पिऊन गेली होती. पण रजेच्या अर्जात कारणांचे तीनच रकाने आहेत: स्वतःचा आजार, स्वतःचा विवाह आणि घरगुती. आजारी मी नव्हतो, विवाह तर उलट दिशेने निघाला होता. मी 'घरगुती'वर खूण केली. चार दिवस मंजूर झाले. कागदावर माझ्या घरी चार दिवस काहीतरी घरगुती चालले होते आणि पाचव्या दिवशी ते मिटले.

दात निळे कसे निघाले ते सांगण्याआधी माझे काम सांगतो. मी दंतमहाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. रूट कॅनाल करताना दाताची नस काढतात, मूळ आतून कोरतात आणि त्या पोकळीत रबरासारखी एक बारीक काडी बसवतात. काडी आणि दाताची आतली भिंत यांच्यात फट राहते. ती भरायला जे लुकण घालतात त्याला सीलर म्हणतात, आणि त्या भिंतीला डेंटिन. सीलरने डेंटिनला घट्ट धरले तर दात टिकतो. नाही धरले तर जंतू परत आत जातात आणि माणूस परत खुर्चीत. बाजारात सीलर पुष्कळ आहेत आणि प्रत्येक कंपनीचे म्हणणे असे की धरतो तो फक्त आमचा. कोण खरे बोलते ते तपासणे हे आमच्या विभागाचे काम.

तपासणी सोपी आहे. उपटलेले, निर्जंतुक केलेले दात घ्यायचे. मुंडके उडवायचे, मूळ ठेवायचे. आतून कोरायचे. कोरताना भिंतीवर भुसा बसतो तो धुऊन काढायचा, नाहीतर सीलर डेंटिनला न धरता भुशाला धरून बसतो. मग सीलर आणि काडी. मग मुळाला बाहेरून नेलपॉलिशचे दोन थर द्यायचे, फक्त टोक मोकळे सोडायचे, म्हणजे शाई जायची ती टोकातूनच जाईल. आठवडाभर निळ्या शाईत ठेवायचे, मग उभे कापून शाई किती वर चढली ते मोजायचे. नेलपॉलिश मी विनोदाने म्हणत नाही. खरोखर नेलपॉलिशच वापरतात.

नऊ वर्षांपूर्वी मी भांडार विभागाकडे नेलपॉलिशच्या एका बाटलीची मागणी केली. तिथे जे गृहस्थ बसतात ते प्रत्येक कागदावर 'परिशिष्ट जोडावे' असा शेरा मारतात, म्हणून त्यांना सगळे परिशिष्ट म्हणतात. तोंडावर परिशिष्टसाहेब. त्यांनी विचारले की नेलपॉलिश कोणत्या कर्मचाऱ्याच्या नखांसाठी हवे आहे. मी कळवले, नखांसाठी नाही, दातांसाठी. त्यांनी विचारले, कोणाच्या दातांसाठी. मी कळवले, दात उपटलेले आहेत, मालक घरी गेले. यावर त्यांनी लिहिले की प्रसाधनाची वस्तू अनुपस्थित व्यक्तींच्या अवयवांकरिता खरेदी करण्याची तरतूद आढळत नाही. आढळल्यास परिशिष्ट जोडावे.

घरी हे वाचून दाखवले तेव्हा बायको इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. मग आत जाऊन तिने एक बाटली आणून दिली. रंग गाजरासारखा. कुठल्याशा लग्नासाठी घेतला होता आणि बोटांवर लावल्यावर तिला आवडला नव्हता.

"त्यांना त्यांची फाईल रंगवत बसू द्या," ती म्हणाली. "तुम्ही ही न्या."

मी बाटली नेली नाही, दातच घरी आणले. नियमात हे बसत नाही, पण माझा अंदाज होता की चुकत चुकत शिकायचे तर घरी बरे. स्पंजच्या लादीत साठ मुळे उभी खोचली आणि रंगवायला बसलो. तिसऱ्या दातावर ती म्हणाली, "अहो, भिंतीला चुना लावताय का? सरका." आणि ब्रश तिने घेतला. तो नऊ वर्षे तिच्याकडेच राहिला.

दर महिन्याच्या एका रविवारी ही मंडळी आमच्या जेवणाच्या टेबलावर येत. तिने त्यांना नावे ठेवली होती. वाकड्या मुळाचा तो वाकडोबा, फुगीर असेल ती मामी, आखूड असेल तो साहेब. "आज मामी फार आल्यात," असे म्हणत ती एकेक उचलायची. मी समोर बसून वर्तमानपत्र वाचायचो. माझ्या मते मी देखरेख करत होतो.

निकाल असे आले की विभागप्रमुख मॅडमनी ते दोनदा मोजायला लावले. आमच्या दातांत बाहेरून एक थेंबही शिरत नव्हता. जे दिसायचे ते फक्त सीलरचे गुण आणि अवगुण. अकरा शोधनिबंध झाले. फोटोंत सगळे दात गाजरी. दूरच्या एका संस्थेने पत्र पाठवून विचारले की गाजरी रंग निवडण्यामागे काही शास्त्रीय कारण आहे का. मॅडमनी उत्तर दिले की तो आमच्याकडे प्रमाणित आहे. तेव्हापासून तिकडेही गाजरीच लावतात, असे ऐकतो.

प्रत्येक निबंधाच्या शेवटी आभार असायचे: 'प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या कुशल हातांमुळे हे शक्य झाले.' सहाव्या वर्षी मला प्रशस्तिपत्रकही मिळाले. कुशल हात, असेच त्यावर छापले आहे. मी ते घरी आणून भिंतीवर लावले. ती कंबरेवर हात ठेवून वाचत उभी राहिली.

"कोणाचे हात म्हणालात?"

"अगं, ती लिहायची पद्धत असते."

"बरं," ती म्हणाली आणि फ्रेम तिरकी होती ती सरळ केली.

मी हे सुधारायला पाहिजे होते. मॅडमना एक वाक्य सांगायचे होते. नऊ वर्षांत ते वाक्य सांगायला मला योग्य दिवस सापडला नाही. सुरुवातीला ती गोष्ट फार लहान होती आणि नंतर फार मोठी झाली.

ती एका मंगळवारी सकाळी गेली. माझ्या शर्टाचे बटण लावता लावता पलंगावर बसली आणि उठली नाही. डॉक्टरांनी हृदय असे लिहिले. तो शर्ट सुईसकट कपाटात आहे.

त्यानंतरचे दोन महिने विभागात सीलर नवीन नव्हता. तिसऱ्या महिन्यात नवा आला, दवाखान्यातही वापरायला घेतला गेला, आणि तपासणीसाठी साठ दात तयार झाले. मी ते घरी नेले, टेबलावर मांडले, आणि रंगवले. वाकडोबा, मामी, साहेब, सगळ्यांना दोन दोन थर दिले. नऊ वर्षे डोळ्यांसमोर पाहिलेले काम होते. म्हणजे वर्तमानपत्राच्या वरच्या कडेतून पाहिलेले. आठवड्याने कापले तर त्रेपन्न दात निळे.

मी पहिलाच दात कापला तेव्हा ओळखले. शाई टोकाकडून चढलेली नव्हती. बाजूने, बाहेरून आली होती. पॉलिशला भेगा होत्या, आणि दोन ठिकाणी ते सालासारखे सुटले होते. मी हे ओळखले आणि वहीत लिहिले: 'गळती, तीव्र.' कोणाची, ते लिहिले नाही.

मॅडमनी दुसरी तपासणी करवली. त्यात मुळाच्या चकत्या करून आतला सीलर यंत्राने ढकलतात आणि किती जोराला सुटतो ते बघतात. त्यासाठी नेलपॉलिश लागत नाही. सीलर उत्तम धरून बसला होता. म्हणजे एका तपासणीत घट्ट आणि दुसरीत सैल. संस्थेत विसंगती आढळली की ती सोडवत नाहीत, तिच्यावर समिती नेमतात. गळती चौकशी समिती नेमली गेली आणि परिशिष्टसाहेब तिचे सचिव झाले.

समितीने पाण्याचा नमुना घेतला. शाईचा घेतला. कंपनीचा माणूस बोलावला. तो टाय घालून आला आणि तीन तास त्याने शपथेवर सांगितल्यासारखे सांगितले की त्यांचा सीलर जगात कुठेही गळत नाही, फक्त इथे गळतो. एका सदस्याने शंका काढली की हल्लीच्या लोकांच्या दातांत पूर्वीचा चिवटपणा उरला नसावा. हे इतिवृत्तात घेतले गेले. अंतरिम अहवालातले मुख्य वाक्य मला पाठ आहे: 'सदर सीलर डेंटिनला धरतो, परंतु मनापासून धरतो असे दिसत नाही.'

मला दोनदा विचारले, कार्यपद्धतीत काही बदल झाला आहे का. दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. कार्यपद्धतीत बदल नव्हता. दोन थर होते, रंग गाजरी होता. घरातले एक माणूस कमी झाले होते, पण कार्यपद्धतीत त्याचा उल्लेख नव्हता.

अंतरिम अहवालानुसार दवाखान्यात तो सीलर वापरणे थांबवले. दुसरा मागवायचा तर निविदा, निविदेला परिशिष्टे. ज्यांच्या दाढा कोरून झाल्या होत्या त्यांना कापूस घालून, वर तात्पुरते सिमेंट लावून घरी पाठवले. आठ दिवसांत ते परत येऊ लागले. व्हरांड्यातल्या बाकावर सुजलेले गाल ओळीने बसलेले असत. मी डबा हातात घेऊन त्यांच्यासमोरून जायचो आणि वेगाने जायचो.

एके दिवशी एका म्हाताऱ्या बाईंनी मला थांबवले. गालाला रुमाल बांधलेला होता. माझ्या अंगावर पांढरा कोट असतो म्हणून त्यांना मी डॉक्टर वाटलो.

"डॉक्टर, तो मसाला खराब निघाला म्हणतात. खरं का?"

"तपासणी चालू आहे, आजी."

"माझ्याआधी माझ्या सुनेला तोच घातला होता. तिचं छान आहे. मग माझ्याच वेळी कसा खराब झाला?"

बाई कुठे शिकलेल्या असतील असे दिसत नव्हते. समितीच्या चौदा बैठकांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी तिथून सरळ मॅडमच्या खोलीत गेलो.

मी उभ्यानेच सांगितले. नेलपॉलिश मी लावत नव्हतो, बायको लावत होती, नऊ वर्षे, आमच्या टेबलावर. सीलर चांगला आहे. गळतोय तो मी.

मॅडमनी चष्मा काढला. "लिहून द्या," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "नको, लिहून देऊ नका." शेवटी म्हणाल्या, "अकरा निबंध आहेत हो."

"निबंधांतलं काम खरं आहे, मॅडम."

"काम खरं आहे. माणूस नाहीये ना."

मॅडम वाईट नाहीत. त्यांनी दवाखान्यात सीलर त्याच दुपारी सुरू करायला लावला, स्वतःच्या सहीवर, आणि म्हाताऱ्या बाईंची दाढ दुसऱ्या दिवशी भरली गेली. पण संशोधनावर बाहेरच्या व्यक्तीचा हात पडला होता आणि तो नियमित करणे भाग होते. प्रकरण परिशिष्टसाहेबांकडे गेले.

मला वाटले होते की ते आता मला सोलून काढतील. त्यांनी सगळी कागदपत्रे वाचली, माझ्या नऊ वर्षांपूर्वीच्या मागणीसकट, आणि तिच्यावरचा स्वतःचाच शेरा पाहून थोडे खाकरले. मग पेन उघडले. असे समाधान मी कोणाच्या चेहऱ्यावर क्वचित पाहिले आहे.

त्यांचे म्हणणे असे पडले. मृत व्यक्तीची नेमणूक करता येत नाही. पण त्या वर्षीच्या नेमणुकांच्या नोंदवहीला वाळवी लागली आहे, त्यामुळे सदर व्यक्तीची नेमणूक तेव्हा झालीच नव्हती असे कोणी सिद्ध करू शकत नाही. सबब ती झाली होती असे धरावे. पद: मानद लेपनसहाय्यक. काम समाधानकारक. शिस्तभंग निरंक. नऊ वर्षांत एकही रजा घेतलेली नाही, त्यामुळे दोनशे सत्तर दिवस शिल्लक. मृत्यूच्या तारखेपासून त्या कामावर आलेल्या नाहीत, म्हणून गैरहजेरीचे दिवस शिल्लक रजेतून वळते करावेत.

"म्हणजे ती आत्ता...?" मी विचारले.

"रजेवर आहेत," परिशिष्टसाहेब म्हणाले. "रजा संपेल त्या दिवशी कार्यमुक्त. तोवर अर्ज तेवढा भरून द्या. त्यांच्या वतीने."

तोच अर्ज होता. तीनच रकाने. मी पुन्हा 'घरगुती'वर खूण केली.

घरी येऊन त्या कागदाची प्रत मी टेबलावर ठेवली. माणूस गेल्यावर लोक काय काय बोलतात. सुटली म्हणतात, देवाला आवडली म्हणतात. ती रजेवर आहे असे एकाच माणसाने म्हटले, आणि शिक्का मारून म्हटले. मी तो कागद पुष्कळदा वाचला. एवढा मूर्ख कागद मी पाहिला नाही, आणि तो माझ्याकडून फाडवत नाही.

आता राहिला कार्यभार. कार्यमुक्त होणाऱ्या कर्मचाऱ्याने आपला कार्यभार पुढच्या व्यक्तीकडे द्यायचा असतो, यादीसह. देणारी ती, घेणारा मी. यादी मी केली. बाटली एक, तळाशी थोडे पॉलिश. स्पंजची लादी एक, साठ भोके. खाली कार्यपद्धतीचे टिपण जोडायचे होते, एकेक पायरी आणि तिला लागणारा वेळ, म्हणजे घेणाऱ्याला काम पुढे चालवता येईल.

पहिली पायरी लिहायला घेतली आणि अडलो. शेवटी परगावी असलेल्या मुलीला फोन लावला. ती शाळेत असताना त्या रविवारी आईशेजारी बसून अभ्यास करायची.

"बाबा, आई आधी प्रत्येक दात पुसायची ना. रिमूव्हरच्या कापसाने."

"पुसायची? कशाला?"

"अहो, तुम्हीच सांगितलं होतंत तिला. जेवताना. आतली भिंत धुतल्याशिवाय सीलर धरत नाही म्हणून. ती म्हणाली, मग बाहेरून तरी वेगळं काय असणार."

मी प्रयोगशाळेत बावीस वर्षे विद्यार्थ्यांना हेच सांगत आलो आहे. भुसा काढा, भिंत स्वच्छ करा, मग धरेल. बायकोने माझे ऐकले होते. मी त्या वेळी बहुधा क्रीडापान वाचत होतो.

"मग पहिला थर," मुलगी सांगत होती, "कापलेल्या कडेकडून टोकाकडे, एका दमात. कोपर टेबलाला टेकवून. मग ती उठून जायची, काहीतरी आवरायची, आणि परत येऊन दुसरा थर."

"किती वेळाने?"

"ते नाही माहीत बाबा. माझी तिकडे पाठ असायची." मग म्हणाली, "तुम्ही समोर बसायचात ना?"

मी म्हणालो, हो, मी समोर बसायचो.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी दात रंगवतो. पुसून, कोपर टेकवून, एका दमात. पाच मिनिटांनी दुसरा थर दिला तर ब्रशबरोबर पहिला ओढला जातो. अर्ध्या तासाने दिला तर दोन थर एकमेकांना धरत नाहीत, वरचा सुटून येतो. म्हणजे ती वेळ मधे कुठेतरी आहे. मुलीला अंधुक आठवते की आई मधल्या वेळात धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायची. म्हणून मी कपडे धुतले, वाळवले आणि घड्याळ लावून घड्या घालायला बसलो. मला चाळीस मिनिटे लागली आणि चादर तरीही चेंडूसारखी झाली. तिला किती लागायची ते त्यावरून कळत नाही. कपडेही तेव्हा तिघांचे असत.

काल परिशिष्टसाहेबांनी टिपण परत पाठवले. सगळ्या पायऱ्या त्यांना मान्य आहेत, एक रकाना तेवढा रिकामा आहे. मी त्यांना भेटायला गेलो आणि म्हणालो, अंदाजे लिहितो. ते म्हणाले, अंदाजाला परिशिष्ट नसते.

"साहेब," मी म्हणालो, "तुमच्या घरी सकाळचा चहा होतो. पूड टाकल्यावर किती वेळ झाकून ठेवतात?"

त्यांनी पेन खाली ठेवले. छताकडे पाहिले. रोज सकाळी ते तो चहा पितात, तीस वर्षे. वाचकांपैकी कोणी या वेळी हसत असेल तर त्याने आपल्या घरातले असेच एखादे काम कागदावर लिहून पाहावे, पायऱ्या आणि मिनिटांसह.

"विचारून सांगतो," परिशिष्टसाहेब म्हणाले.

त्यांना विचारता येते. मी टिपण घेऊन परत आलो.

बायकोची रजा संपायला अजून बेचाळीस दिवस आहेत. बाटलीच्या तळाचे पॉलिश आटत चालले आहे. भिंतीवरच्या प्रशस्तिपत्रकात 'कुशल हात' या शब्दांआधी तिचे नाव घालून मिळावे असा अर्ज मी केला आहे, तो प्रलंबित आहे. कार्यभाराच्या कागदावर देणाऱ्याची सही नाही, घेणाऱ्याची नाही, आणि चौथ्या पायरीपुढे 'पहिल्या व दुसऱ्या थरामधील वेळ' हा रकाना अजून भरायचा आहे.